पहिली कोण?

आमच्या फिल्मसाठी आलेली पहिली देणगी १०१ रुपयांची होती आणि ती मला दुसऱ्याच दिवशी परत करावी लागली. पाठवणारे खतवडकडचे एक काका. सकाळी सात वाजता त्यांचा फोन. "ताई, काल तो कोड स्कॅन केला ना, मला वाटलं शहीद जवानाच्या घरी जातात पैसे. पिक्चरला जातात हे नातवानं सांगितलं." मी म्हटलं, काका, पिक्चर सैन्यातल्या बायकांवरच आहे. ते जरा थांबले. "मग त्यांना पगार नाही का?"

१०१ रुपये परत पाठवले. स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवलाय.

ही नोव्हेंबर २०२३ची गोष्ट. आम्ही तिघं जण डॉक्युमेंटरी करायला निघालो होतो. मी दिंडोरीची. नाशकात एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. स्लो मोशनमध्ये मागे वळून बघणाऱ्या किमान दोनशे नवऱ्या मुली माझ्या हाताखालून गेल्या असतील. कॅमेऱ्यावर कॉलेजचा मित्र, आणि इंग्रजी ईमेल लिहायला पुण्याची मैत्रीण. तिघांत मिळून एक कॅमेरा आणि दीड लेन्स. दीड, कारण एकीचा ऑटोफोकस गेलेला.

खूळ डोक्यात शिरलं ते एका फोटोमुळे. २५ मे २०२२ रोजी नाशिकरोडच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर विंग लागले. आर्मी एव्हिएशनमधली पहिली महिला लढाऊ वैमानिक. देशभर फोटो फिरला. आणि हे घडलं होतं आमच्या घरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर. शाळेत गणिताच्या तासाला डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की आमचा सगळा वर्ग खिडकीकडे धावायचा. ओझरच्या एचएएलमधून सुखोई उडालं की सरांचं वाक्य अर्ध्यात अडकायचं. त्या यंत्रात बाई बसलेली असू शकते, हे तेव्हा एकदाही मनात आलं नव्हतं.

बजेट बसलं ९ लाख ४० हजारांचं. कॅमेऱ्याचं भाडं, साऊंड, प्रवास, एडिट, संगीत, सबटायटल. (हार्ड डिस्कला किती पैसे लागतात हे जगात कुणालाही सांगून पटत नाही.) पूर्वी अशा विषयाला दार ठोठवायला फिल्म्स डिव्हिजन तरी होती, तीही २०२२मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. म्हणून क्राउडफंडिंग. पाचशे रुपये दिले तर आभाराच्या यादीत नाव, दोन हजारांना पोस्टर, दहा हजारांना पहिल्या खेळाचं निमंत्रण.

पण पैशाच्याही आधी आडवी आली परवानगी. सैन्याशी संबंधित कुठलीही फिल्म, वेबसीरीज, डॉक्युमेंटरी दाखवण्याआधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं संरक्षण मंत्रालयाने २०२० साली सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं. नोकरीत असलेली व्यक्ती सैन्याच्या विषयावर परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू शकत नाही, हा नियम तर १९५४चा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छावणीत कुणीही कॅमेरा घेऊन शिरावं असं मलाही वाटत नाही. पण त्यामुळे फिल्मचा आकार आपोआप ठरला. निवृत्त होऊन घरी बसलेल्या बायका, आणि अजून आत न गेलेल्या, पहाटे वणी रोडला पळणाऱ्या मुली. युनिफॉर्म जवळजवळ नाहीच. आणि पैसे मागायला लागल्यावर कळलं, लोकांना पैसे द्यायचे असतात ते युनिफॉर्मलाच.

म्हणून मी सहावी स्लाइड बनवली. नाव दिलं 'पहिल्या'. १९९२: चेन्नईच्या ओटीएत मुलींची पहिली तुकडी, प्रिया झिंगन कॅडेट क्रमांक एक. फेब्रुवारी २०२०: पर्मनंट कमिशनचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मे २०२१: लष्करी पोलिसांत ८३ जणी, अधिकारी नव्हे तर जवान म्हणून. ऑगस्ट २०२२: खडकवासल्याच्या एनडीएत १९ मुली. एप्रिल २०२३: तोफखान्यात पाच जणी, आणि तोफखान्याचं स्कूल तर आमच्या देवळालीचंच. शेवटी खास नाशिकची म्हणून लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर. तेव्हा आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या; दिंडोरीहून नाशिकला येताना म्हसरूळला विद्यापीठ लागतं. सैन्यात त्या पदापर्यंत पोचलेल्या त्या देशातल्या तिसऱ्या बाई.

एका पतसंस्थेच्या चेअरमननी स्लाइड लक्ष देऊन पाहिली. "तिसऱ्या?" ते म्हणाले. "पहिलं कोणी नाही का आपल्याकडं?"

या स्लाइडमध्ये माझी आवडती ओळ होती २०२० सालची. त्या खटल्यात सरकारने कोर्टात म्हटलं होतं की जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात, बाईचा हुकूम मानायला त्यांची मनं तयार नाहीत. कोर्टाने ते धुडकावलं. मी प्रत्येक मीटिंगमध्ये हे सांगायचे आणि वर विचारायचे, "ग्रामीण म्हणजे कोण हो? आपणच ना? आपण इतके मागासलेले आहोत का?" हमखास टाळी पडायची. पैसे पडायचे नाहीत.

भरतीपूर्व अकॅडमी चालवणारे एक सर पन्नास हजार द्यायला तयार झाले. अट अशी की मुली पळतानाच्या प्रत्येक शॉटमध्ये त्यांचा बोर्ड हवा, आणि फक्त निवड झालेल्या मुली हव्यात. आम्हाला हवी होती ती नेमकी राहून गेलेली. लष्करी पोलिसांच्या भरतीत मुलींना सोळाशे मीटर पळायला साडेसात मिनिटं मिळतात, फार तर आठ. आमच्या ओळखीची एक जण त्या आठ मिनिटांच्या सहा सेकंद पलीकडे राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहाटे पाचला पळायला आली. सर म्हणाले, "जी झालीच नाही तिला दाखवून काय करता?" पन्नास हजार तिथेच राहिले.

आणि मग आभाळ. २६ नोव्हेंबरला गारपीट झाली. निफाड, दिंडोरीकडे ज्यांनी ती पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. द्राक्षांचे घड काठीने झोडपल्यासारखे झाले होते. आमच्या दोन एकरांपैकी निम्मा माल गेला. त्यावर ७ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद. कॅम्पेन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि मी ज्यांच्याकडे पैसे मागणार होते ते सगळे औषधाच्या दुकानाची उधारी कशी भागवायची या विचारात. अशा वेळी ट्रेलरची लिंक पाठवताना बोट अडतं.

तरी एका पाणी वापर संस्थेच्या बैठकीत गेले. तिथे मी 'मंथन'ची गोष्ट सांगितली. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढले आणि श्याम बेनेगलांचा सिनेमा उभा राहिला. आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे फाळकेही सांगितले. सावकाराला सिनेमा म्हणजे काय ते पटवायला त्यांनी आधी अंकुर वाढतानाची छोटीशी फिल्म करून दाखवली होती. म्हणजे ट्रेलर दाखवून पैसे मागण्याची रीत आपल्याला नवी नाही. लोक हसले. मागून एक म्हातारे उठले. "पोरी, त्या दूधवाल्यांनी त्यांच्याच गोष्टीला पैसे दिले. तुझ्या गोष्टीत आमच्या तालुक्यातलं कोण आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पळणाऱ्या मुलींचं नाव घेतलं. ते म्हणाले, "त्या तर अजून गेल्याच नाहीत कुठं."

आता आत्याबद्दल सांगते. खरं तर सुरुवातच तिच्यापासून करायला हवी होती. पण मीही ती केली नव्हती, म्हणून इथेही तिचा नंबर उशिरा.

आत्या वणीला असते. वय त्रेसष्ट. मामा गेल्यापासून एकटीच राहते. वणीत तिला सगळे सिस्टरबाई म्हणतात, कारण तिने वीस-बावीस वर्षं एका डॉक्टरांकडे काम केलं. घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकलेलं: "आत्या आधी मिलिटरीच्या दवाखान्यात होती, लग्न झालं म्हणून सोडलं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात काही बातमी आहे असं मला कधी वाटलंच नाही. सैन्यातल्या बायकांवर फिल्म करायला निघालेल्या मला.

फेब्रुवारी २०२४मध्ये ती आमच्याकडे राहायला आली होती. राहिलेल्या बागेची तोडणी चालू होती. मुंबईच्या एका कंपनीशी माझा व्हिडिओ कॉल ठरला होता, म्हणून मी ओट्यावर बसून डेकची तालीम करत होते. आत्या माझ्या मागे तांदूळ निवडत बसलेली. सहाव्या स्लाइडवर आले तशी म्हणाली, "हे ब्याण्णव कुठून काढलं?"

"तेव्हा पहिल्यांदा बायका सैन्यात अधिकारी झाल्या, आत्या. डॉक्टर, नर्स सोडून."

"सोडून," ती म्हणाली. आणि परत तांदळात.

त्या रात्री मी वाचत बसले. २८ मार्च १८८८ला लष्करी इस्पितळांची व्यवस्था लावायला दहा प्रशिक्षित नर्स मुंबईच्या बंदरात उतरल्या. १९२६पासून कायमस्वरूपी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. तिथल्या नर्स कमिशन मिळालेल्या अधिकारी असतात, लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत. आणि भारतीय सैन्यातली पहिली बाई जनरल म्हणजे गर्ट्रूड अ‍ॅलिस राम. १९७६ साली मेजर जनरल. नर्स. म्हणजे ब्याण्णवच्या सोळा वर्षं आधी सैन्यात बाई जनरल होती आणि माझी पहिल्यांची यादी तिला वळसा घालून गेली होती. मुद्दाम नाही. मी जिथून जिथून माहिती उचलली तिथे तो 'सोडून' आधीच बसलेला होता.

मग काही दिवसांतच बातमी आली. लेफ्टनंट सेलिना जॉन. लग्न केलं म्हणून १९८८ साली नर्सिंग सर्व्हिसमधून काढलं. १९७७चा एक नियम होता, नर्सने लग्न केलं की सेवा संपवता येत असे. तो मागे घेतला गेला १९९५मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ला हा नियम उघडउघड मनमानी आणि भेदभावाचा ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मी बातमी आत्याला दाखवली. चष्मा लावून तिने ती शेवटपर्यंत वाचली, बोटाने स्क्रीन मोठी करत करत.

"मला कुणी काढलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच लिहून दिलं."

पुढचे दोन दिवस ती मधूनमधून बोलत राहिली. सलग कधीच नाही. भाजी चिरताना थोडं, दोरीवरचे कपडे काढताना थोडं. १९७९ला शाळेतल्या बाईंनी पेपरातली जाहिरात दाखवली. आजोबांनी होकार दिला कारण राहणं-खाणं सरकारी होतं. पुण्यात चार वर्षं शिक्षण. १९८३ला लेफ्टनंट. मग पोस्टिंग फिरोजपूर. पंजाब तेव्हा पेटलेला. त्यात १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्यांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून आजोबांची झोप उडाली. "पुण्यात जनरल सुरक्षित नाही, तू तर बॉर्डरवर." लग्नाची स्थळं यायला लागली. आत्याने ती टाळायला एक ढाल शोधली. लग्न केलं तर नोकरी जाते असा नियमच आहे, असं तिने घरी कळवून टाकलं. वर्षभर चाललं ते. मग आजोबांनी तेच वाक्य तिच्यावर उलटवलं. नोकरी जाणारच असेल तर आपणहून सोड. कुणी काढून टाकली असं व्हायला नको, घराण्याचं नाव जातं.

बाँड पुरा झालेला होता. १९८८च्या सुरुवातीला तिने राजीनामा दिला आणि तिला आणायला नाशिकरोडहून पंजाब मेलने कोण गेलं होतं? बावीस वर्षांचे माझे पप्पा.

"जवानांनी कधी ऐकलं नाही असं झालं का?" मी तिला विचारलं. माझी ती टाळीवाली ओळ डोक्यात होती.

"छे. मॅडम म्हणायचे. झोप म्हटलं की झोपायचे बिचारे. सगळे खेड्यातलेच की." तिने एक शर्ट झटकला. "ऐकलं नाही ते घरच्यांनी."

मुंबईच्या कॉलवर मी हे सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण समोरच्या बाई घड्याळ बघायला लागल्या होत्या. त्या एकदम सरळ बसल्या. हीच फिल्म आहे, म्हणाल्या. चार लाख देऊ. कॅम्पेनचा व्हिडिओ नव्याने करा: आत्याचा युनिफॉर्ममधला जुना फोटो, आजचा चेहरा, कोर्टाची बातमी. आणि तुमच्या वडिलांना कॅमेऱ्यासमोर विचारा, तुम्ही का गेलात तिला आणायला. तो क्षण आला की पैसे येतील.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी तो व्हिडिओ डोक्यात एडिट करून टाकला होता. फोटोवर हळू झूम, पप्पांची खाली गेलेली मान, तिथे बासरी. लग्नाच्या व्हिडिओत पाठवणीला वापरते तीच.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "फिल्ममध्ये बोलीन मी. पण पैसे मागायला मला पुढं करू नको."

मी म्हटलं, आत्या, एकच तर गोष्ट आहे. पैसे आले तरच फिल्म होणार.

"एक नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत माझा बाप चोर ठरेल, भाऊ चोर ठरेल, लोक हळहळून पाचशे टाकतील. आणि मी वणीत बाजाराला गेले की सगळ्यांची बिचारी. मी काय बिचारी आहे का?"

पप्पा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी हे ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण टीव्हीचा आवाज बंद झाला होता. कॅम्पेनमध्ये तोवरची सगळ्यात मोठी देणगी त्यांचीच होती, २५ हजार, गारपिटीच्या आधी दिलेली. फिल्म कशावर आहे हे तेव्हा त्यांनी विचारलंही नव्हतं.

मुंबईला नाही कळवलं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं आणि चार लाख गेले. पुण्याची मैत्रीण माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. तिचंही चूक म्हणता येत नाही. तिने आतापर्यंत छप्पन्न ईमेल लिहिले होते. आजही मला कधी कधी वाटतं, चार लाखांत केवढं काय झालं असतं.

३१ मार्चला कॅम्पेन बंद केलं तेव्हा २ लाख १२ हजार ६४० रुपये जमले होते. त्यातून वेबसाइटची टक्केवारी, टक्केवारीवर १८ टक्के जीएसटी. दीड तासाच्या फिल्मची आम्ही अर्ध्या तासाची केली. मेमध्ये शूट करायचं तर कॅमेरे भाड्याने मिळेनात, सगळे प्रचाराला गेलेले. दिंडोरीचं मतदान २० मेला झालं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा स्वतःहून फोन आला, या घेऊन, निम्म्या भाड्यात.

वणीला आत्याच्या घरी दोन दिवस शूट केलं. पहिला दिवस तिचा. ती फोटो दाखवत नव्हती, मग मध्येच उठून स्वतःच ट्रंक काढली. फोटोपेक्षा तिला एक जुनी धातूची पेटी दाखवायची होती, सिरिंज उकळायची. ती कशी धरायची, झाकण कसं काढायचं, हे तिने आठ मिनिटं समजावलं. ती आठही मिनिटं फिल्ममध्ये ठेवायची असं माझं म्हणणं आहे आणि मित्राचं नाही. भांडण अजून चालू आहे. साऊंड मिक्सचे पैसेही अजून व्हायचेत. सहावी स्लाइड मात्र आता १८८८पासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा आले. मी बोलावलं नव्हतं. दिंडोरीहून मोटरसायकलवर, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लाव ते माइक."

माझ्याकडे प्रश्न लिहिलेला नव्हता. मुंबईच्या बाईंनी दिलेला होता, तो विचारवेना. मी म्हटलं, पंजाब मेलबद्दल सांगा.

त्यांनी गाडीचं सगळं सांगितलं. जनरलच्या डब्यात भुसावळपर्यंत उभं राहून गेले ते, दिल्लीनंतरची थंडी, फिरोजपूरला उतरल्यावर हिंदी येत नव्हतं ते. मग इस्पितळाच्या गेटवर बसवलं होतं. "ही आतून आली. पांढरा ड्रेस, खांद्यावर ते स्टार. गेटवरचा जवान, चांगला सहा फुटी, मिशावाला. त्यानं हिला कडक सॅल्यूट मारला." पप्पांनी हात उचलला, पण पुरता नाही. "मी घरी हे सांगितलंच नाही कुणाला. आजोबांना सांगितलं, सामान फार नव्हतं, एकच ट्रंक होती."

आत्या दारात उभी होती, फ्रेमच्या बाहेर. "का नाही सांगितलं?" तिने विचारलं. तिचा आवाज माइकमध्ये नीट आलेला नाही. सबटायटल द्यावं लागणार आहे.

पप्पा तिच्याकडे बघत राहिले. मित्राने कॅमेरा चालूच ठेवला. कार्डवर अकरा मिनिटांची जागा उरली होती. त्यातली बरीचशी तशीच गेली, बाहेरच्या एसट्यांच्या हॉर्नमध्ये. मग आत्या म्हणाली, "थांब, चहा टाकते," आणि आत गेली.